मिनिआपोलिसमध्ये भाड्याचं घर: प्लिमथ सोडा, शहरात या

लेक_स्ट्रीटकर

माझा मावसभाऊ पुढच्या महिन्यात पुण्याहून मिनिआपोलिसला येतोय. ऑफिस डाउनटाउनला. इथल्या आपल्या मंडळींनी त्याला एकमुखाने सांगितलंय, घर घे तर प्लिमथला, नाहीतर मेपल ग्रोव्हला. कारण काय, तर सगळे तिथेच राहतात आणि देऊळही तिकडेच.

माझं स्पष्ट मत: एकट्या माणसाने किंवा मूल नसलेल्या जोडप्याने उपनगरात भाडं भरणं ही शुद्ध उधळपट्टी आहे.

मी सहा वर्षं शहरातल्या लाँगफेलोत एका डुप्लेक्सच्या, म्हणजे दोन बिऱ्हाडांच्या घराच्या, वरच्या मजल्यावर राहतो. शंभरी गाठलेलं घर, मालकीणबाई खाली. दोन बेडरूम, १,४५० डॉलर, पाणी-कचरा त्यातच. ब्लू लाइनचं स्टेशन चालत दहा मिनिटांवर. त्याआधी प्लिमथला कॉम्प्लेक्समध्ये होतो. जाहिरातीत १,७९५. मग गॅरेजचे वेगळे, कचऱ्याचे वेगळे, फवारणीचे वेगळे, असं करत दोन हजारांच्या वर. शिवाय गाडीला पर्याय नाही, म्हणजे हप्ता आणि विमा आलाच. तो स्विमिंग पूल वर्षातले तीन महिने उघडा असायचा. मी त्यात दोनदा उतरलो. हिशेब तुम्हीच करा.

ही घरं मोठ्या साइटींवर कमी दिसतात. म्हातारे मालक अजून अंगणात पाटी ठोकतात. शनिवारी सकाळी पायी फिरायचं आणि पाटीवरचा नंबर लावायचा.

उणे_तीस

सहा वर्षं राहिलात म्हणजे घर चांगलं लागलं तुम्हाला. माझं ऐका.

मीही असंच 'स्वस्त' घर घेतलं होतं, शहराच्या नॉर्थईस्ट भागात. ऑगस्टमध्ये पाहिलं. लाकडी जमीन, मोठ्या खिडक्या, बायको खूश. जानेवारीत त्याच खिडक्यांतून पडदा हलायला लागला. तेही खिडकी बंद असताना! दुकानातून प्लास्टिकचा पातळ कागद आणला, चौकटीला दुहेरी टेप लावून ताणला आणि हेअर ड्रायरने शेकत शेकत सुरकुत्या काढल्या. एक खिडकी, वीस मिनिटं. खिडक्या अकरा. आणि गॅसचं बिल २६० डॉलर, कारण करारात गॅस माझ्या नावावर.

स्वस्त भाडं आणि स्वस्त घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करण्याआधी मालकाकडे गेल्या जानेवारीचं बिल मागा. दाखवायला काचकूच करत असेल तर समजून जा.

दोन_पोरांची_आई

धागाकर्त्यांनी 'मूल नसलेल्या' असं लिहून पळवाट ठेवलीये, पण मुलं होतात हो! आम्ही प्लिमथला आलो ते वायझाटा शाळांसाठी, स्विमिंग पूलसाठी नाही.

दुसरं म्हणजे शिसं. १९७८ च्या आधीच्या घरांत भिंतींना, विशेषतः खिडक्यांना, शिशाचा रंग असू शकतो. जुनी सरकती खिडकी वरखाली केली की भुगा पडतो आणि रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं. म्हणूनच मालकाने त्याची लेखी माहिती द्यावी असा केंद्राचा कायदा आहे. माझ्या मैत्रिणीला तो कागद इतर पानांत घालून सही करायला दिला. तिने वाचलाही नाही. तीनशे डॉलर वाचवायला हे?

लेक_स्ट्रीटकर

शिशाचा मुद्दा मान्य. लहान मूल असेल तर माझा सल्ला मागे.

थंडीचा अर्धाच मान्य. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट ठेवता आलं पाहिजे, असा राज्याचाच नियम आहे. बरीच जुनी घरं बॉयलर-रेडिएटरवर चालतात आणि कित्येक ठिकाणी हीटिंग भाड्यातच असतं. तेच विचारून घ्यायचं. शिवाय मिनिआपोलिसमध्ये मालकाला भाड्याचा परवाना लागतो. पत्ता टाकून तो शहराच्या साइटवर बघता येतो, टियर तीन, म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी, असेल तर वाटच बदला.

गिरगावातला

सगळे घर कुठलं घ्यावं यावर भांडताय. भाडी आवाक्यात राहिली कशामुळे, हे कोणी बोलत नाही. २०१७ ते २०२२ मध्ये मिनिआपोलिसची भाडी जेमतेम १ टक्का वाढली, उरलेल्या मिनेसोटात १४ टक्के. कारण शहराने या काळात घरंच १२ टक्क्यांनी वाढवली. मोठ्या रस्त्यांवर इमारतींना वाट दिली, पार्किंगची सक्ती काढली.

पलीकडच्या सेंट पॉल शहराने काय केलं? नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान घेऊन भाडेवाढीवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली, तीही नव्या इमारतींसकट. बांधकामाचे परवाने धाडकन पडले. मग २०२२ मध्ये नव्या इमारतींना वीस वर्षांची सूट द्यावी लागली. मी चाळीत वाढलोय. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा काय करून गेला ते आमच्या जिन्याला विचारा. मालक म्हणायचा, चाळीस रुपये भाड्यात छत शाकारू की तुमचे पाय धरू?

ग्रीनलाइनवाली

गिरगावकर, मुंबईची भाडी गोठवली होती. सेंट पॉलमध्ये दरवर्षी ३ टक्के वाढ करता येते, आणि खर्च वाढल्याचं दाखवलं तर जास्तही मागता येते. चाळीचा दाखला इथे चालत नाही.

मी सेंट पॉलला भाडेकरू आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मालकाने एकदम दोनशे डॉलर वाढवले होते, इमारतीत एक नळसुद्धा बदलला नव्हता. ती मर्यादा आली तेव्हा पहिल्यांदा पुढच्या वर्षाचा हिशेब मांडता आला. बांधकाम हवं, हे खरंच. पण नवी इमारत उभी राहीपर्यंत मी काय ग्रीन लाइनच्या डब्यात झोपायचं? आणि त्या नव्या इमारतींत एका खोलीचा स्टुडिओ कितीला पडतो ते एकदा बघून या.

उणे_तीस

धागा घरावरून धोरणावर गेला. मावसभावाला एवढं सांगा: घर न पाहता कोणालाही डिपॉझिट पाठवू नकोस, 'मालक मिशनरी म्हणून परदेशात आहेत' छाप मेल आला तर उत्तरही देऊ नकोस. आणि शहरात गाडी ठेवणार असेल तर स्नो इमर्जन्सी शीक, म्हणजे बर्फ उपसताना गाडी कुठे लावायची नाही ते. पहिल्या रात्री नऊनंतर मुख्य रस्ते मोकळे ठेवायचे, दुसऱ्या दिवशी सम क्रमांकांची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. मी सम-विषम उलटं केलं. गाडी सोडवायला गेलो तेव्हा रांगेत पुढचे तिघे आपलेच.

तोच_मावसभाऊ

नमस्कार, मीच तो. दादा, रागावू नकोस. क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून प्लिमथच्या दोन कॉम्प्लेक्सनी पन्नास-पन्नास डॉलर अर्ज फी घेऊन नकार दिला. तुझ्या गल्लीतल्या आजोबांनी मात्र ऑफर लेटर बघून होकार दिलाय. डिपॉझिट एका महिन्याचं, त्याहून जास्त मागता येत नाही म्हणे. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तळघर, बॉयलर, सगळं दाखवलं, जानेवारीचं गॅसचं बिल कॅमेऱ्यासमोर धरलं. पैसे मात्र तू घर पाहून आलास की मगच पाठवतो.

खिडक्या नऊ आहेत. बायको मार्चमध्ये येणार, हेअर ड्रायर तिच्याकडे. तोवर कोणी उसना देईल का?