घोडीला किती दुखतंय हे कातडीवरचं मशीन सांगू शकतं का?

माथेरानचा_घोडेवाला:
नमस्कार मंडळी. आमची घोडी बिजली, ११ वर्षांची. चार दिवस झाले पुढचा डावा पाय जपून टाकते, चंदी निम्मी ठेवते, आणि खरारा करताना आधी डोळे मिटून उभी राहायची ती आता कान मागे टाकते. नालबंदाला काही सापडलं नाही. घरचे म्हणतात नाटकं करते, गर्दीचे दिवस आहेत, काढ बाहेर. मला पटत नाही, मी तिला काढलेली नाही. भाचा म्हणतो कातडीला इलेक्ट्रोड लावून दुखणं आकड्यात मोजतात, माणसाचं पण आणि घोड्याचं पण. खरंच असं असतं का? आकडा मिळाला तर घरी दाखवता येईल हो.

भूलवाली_डॉक्टर:
दादा, मी भूलतज्ज्ञ, माणसांपुरतं सांगते. तत्त्व खरं आहे आणि जुनं पण आहे, फ्रान्समध्ये फेरे नावाच्या डॉक्टरांनी १८८८ मध्ये यावर लिहून ठेवलंय. तळहातावर अगदी बारीक करंट सोडायचा, घाम सुटला की तो त्वचेतून जास्त सहज जातो, किती सहज जातो ते मायक्रोसीमेन्स या एककात मोजतात. सुई टोचली की एक ते तीन सेकंदांत आलेख वर जातो. पण नुसती भीती वाटली किंवा दार आपटलं तरी तसाच जातो, लाय डिटेक्टरमध्ये हेच तर वापरतात! म्हणजे शरीर दचकलं एवढं कळतं, कशाने दचकलं ते नाही. त्यात अॅट्रोपिनसारखं औषध दिलेलं असेल तर घामच कमी येतो, मग रेषा सपाट आणि पेशंट मात्र तळमळतोय असंही होऊ शकतं. आयसीयूत बोलू न शकणाऱ्या पेशंटचा आम्ही चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेतोय का हे बघतो, प्रत्येकी ० ते २ मार्क. आणि जो बोलू शकतो त्याला सरळ विचारतो, १० पैकी किती, तो ७ म्हणाला तर ७.

पशुवैद्य_सातारा:
वरचं सगळं बरोबर, घोड्यात अजून गुंता आहे. माणसाला ताणामुळे तळहात-तळपायाला घाम येतो, घोड्याला तिथे खूर. त्याला घाम अंगभर येतो, त्याच्या ग्रंथी रक्तातल्या अॅड्रेनलिनला दाद देतात आणि घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, खोगिराखाली फेस येतो तो त्याचाच. वर केस, धूळ, चढ चढून आलेली उष्णता. त्यामुळे माणसाचा आकडा उचलून घोड्याला लावता येत नाही. फार तर तोच घोडा, तीच जागा, शांत उभा असताना, औषधाआधी आणि नंतर अशी तुलना करता येईल.

तुम्हाला आकडाच हवा ना, तर २०१४ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पद्धत आली, खच्चीकरण केलेल्या घोड्यांवर अभ्यास करून बसवलेली. ताठ मागे गेलेले कान, आकसलेला डोळा, डोळ्यावरचा ताण, आवळलेले जबड्याचे स्नायू, घट्ट ओठ आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकाला ० ते २, एकूण १२. कान तर तुम्ही स्वतःच लिहिलेत. दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवून बघा, डावा जास्त गरम लागतो का, आणि घोट्यामागची नाडी त्या पायात जोरात उडते का. दोन्ही असेल तर खुरात पू किंवा सूज असू शकते, वरून काही दिसत नाही. पेनकिलर मनाने देऊ नका, दुखणं दबलं की ती पाय पूर्ण टाकते आणि आतलं वाढतं.

पागेतला_संतोष:
फोन दावणीजवळ लपवून ठेवा अन् तुम्ही लांब जा. आपण समोर असलो की घोडं दुखणं दाखवत नाही, मी लय वेळा बघितलंय.

माथेरानचा_घोडेवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. डावा खूर गरम आहे आणि नाडी हाताला ठकठक लागते, उजव्याला तसं नाही. फोन ठेवून चाळीस मिनिटं शूटिंग केलं, एकटी असताना डोळा अर्धा मिटून पाय पुढे काढून उभी होती, आणि मी आत शिरताना ऐकू आलं तसा तिने पाय टेकवला. ते बघून मला रडूच आलं. वडिलांना दाखवलं, त्यांनी तो भाग तीनदा लावला, काही बोलले नाहीत, उठून डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी येतायत, काय निघतं ते इथेच लिहितो.