मदत हवी आहे: डोंबिवलीहून एक दिवस, गोराईचं वॉटर किंगडम की खोपोलीचं इमॅजिका वॉटर पार्क?

सहाजण
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं आहे. आम्ही दोघं, आई-बाबा (६८ आणि ७२, आईचे गुडघे दुखतात), मुलगी १२ वर्षांची (१४८ सेंमी), मुलगा ५ वर्षांचा (१०६ सेंमी). मुलांना पोहता येत नाही. सात आसनी गाडी आहे. कुठे जावं? धाकट्याला तिथे काय करता येईल? आणि आई-बाबा दिवसभर नुसते बसून कंटाळतील का?

खाडीपलीकडे
आधी रस्ता बघा. गोराईला मार्वे किंवा बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून बोटीने जातात, पण त्या बोटीत चारचाकी जात नाही. गाडी न्यायची तर ठाणे, घोडबंदर, भाईंदर, उत्तन असा वळसा. गायमुख घाट आणि काजूपाड्याला गाड्या तुंबल्या की सकाळ तिथेच संपली. गाडी सोडून बोटीने जाल तर ओहोटीला पाणी खाली जातं, जेट्टीच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून बोटीत पाऊल टाकावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते जड जाईल.

खोपोलीला शीळफाटा, कळंबोली, मग एक्स्प्रेसवे आणि खोपोली-पाली रस्त्याला उतरायचं. खंडाळ्याचा घाट चढावाच लागत नाही. फक्त शनिवार-रविवारी लोणावळ्याची सगळी गर्दी त्याच वाटेवर असते, म्हणून मंगळवार-बुधवार धरा. घरून साडेसातला निघालात तर दार उघडायच्या वेळेला पोचाल. बोरिवली-मालाडवाल्यांनी हाच प्रश्न विचारला असता तर माझं उत्तर उलटं असतं.

मोजपट्टी
लोक स्लाइड किती आहेत ते मोजतात. मोजायची असते मुलाची उंची. मोठ्या स्लाइडना बहुतेक ठिकाणी १२० सेंमीच्या आसपास अट असते, सरळ खाली सोडणाऱ्यांना त्याहून जास्त. चप्पल काढून, केस दाबून मोजतात, एखाद्या सेंटिमीटरवरूनही परत पाठवतात. १०६ सेंमीचा मुलगा दोन्हीकडे लहानांच्या तलावात, बुटक्या घसरगुंड्यांवर आणि डोक्यावर बादली ओतणाऱ्या खेळातच रमेल. लेझी रिव्हरला (ट्यूबमध्ये बसून संथ पाण्यात वाहत जायचं) मोठ्यांसोबत सोडतात का, ते दारातच विचारा. १४८ची मुलगी जवळपास सगळीकडे चालेल, पण दोघांच्या ट्यूबला एकूण वजनाची मर्यादा असते, तो फलक वाचूनच जिने चढा. लहानांचं तिकीटही दोन्हीकडे वयावर नसून उंचीवर ठरतं, तेव्हा घरीच मोजून मग ऑनलाइन काढा.

एक घोळ हमखास होतो: इमॅजिकाचं थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी असले तरी तिकिटं वेगळी आहेत. बुक करताना नाव दोनदा वाचा.

निळं पाणी
कपड्यांवरून दारात वाद होतात, म्हणून आधीच सांगते. नायलॉन किंवा लायक्रा लागतं. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, स्लाइडवर अडतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. चेन, धातूची बटणं, जीन्सचे रिव्हेट फायबरवर ओरखडे काढतात आणि मागून येणाऱ्याला लागतात. साडी, ओढणी, मंगळसूत्र पाण्यात नको. कॉस्च्युम भाड्याने मिळतात, पण लहान मापं लवकर संपतात. मुलांचे घरून न्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबे भरायची मेहनत वाचवा.

क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. तो वास बहुतांशी क्लोरीन घाम-लघवीशी संयोग पावून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे, ती दिसत नसेल तर उतरू नका. मुलाला जुलाब होऊन गेले असतील तर थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात नको. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनमध्येही दिवसच्या दिवस टिकतो.

सहाजण
खोपोली ठरलं. वेव्ह पूलची भीती वाटते. मुलाला हातात हवेचे फुगे बांधले तर चालेल?

मोजपट्टी
नाही. फुगे हातातून निसटतात, आणि हवा गेली की काहीच उरत नाही. तिथलं लाइफ जॅकेट घ्या. पट्टे बांधून खांद्याला धरून वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, बदला. लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा सगळे खोल बाजूला धावतात. तुम्ही उथळ टोकाला राहा, पाणी मुलाच्या कमरेखाली असावं, कारण लाट आली की तेच छातीपर्यंत चढतं. एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडे बघायचं, हातभर अंतरावर, मोबाइल लॉकरमध्ये. दोघं बघताहेत म्हणजे पुष्कळदा कोणीच बघत नसतं.

खाडीपलीकडे
दिवसाचा क्रम: पहिला दीड तास मुलीच्या मोठ्या स्लाइड, कारण अकरानंतर रांगा लागतात. बाराच्या आत जेवण. भर दुपारी सावलीत. तीननंतर लेझी रिव्हर. बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर स्लाइड बंद, लेझी रिव्हरही डॉक्टरांना विचारून. पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिकीट लागतं, ज्येष्ठांची सवलत साइटवर बघा. आईंना जिन्यांजवळ नका बसवू, लहानांच्या तलावाकाठी सावलीतली जागा सकाळीच धरा. तिथून नातू दिसतो, पाय पाण्यात ठेवता येतात, आणि नळ व स्वच्छतागृह फार लांब पडत नाही ना ते तेव्हाच बघून घ्या.

निळं पाणी
ओआरएसची पाकिटं विसरू नका, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्याला एक पूर्ण पाकीट. अर्धं-अर्धं अंदाजाने घालू नका.