दिवे आणि कायदे

आमदारानं गटारं-दिवे बघायचे की कायदे करायचे, असा वाद चाललाय. मला ही दोन कामं वेगळी वाटतच नाहीत. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत आहेत. म्हणजे पोलीस ठाण्यात माणसं कमी असतील तर जाब विधानसभेतच विचारायला हवा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या मागितलेल्या खर्चात कपात सुचवणारी) त्यासाठीच तर आहेत! तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. आमदार निधीतून अंधाऱ्या रस्त्यावर दिवे लागतील, पण रात्री गस्त घालणारा शिपाई त्यातून येत नाही. त्यामुळे उद्घाटनं मोजण्याआधी, कृपा करून, मागच्या अधिवेशनात तुमच्या आमदारांनी प्रश्न किती मांडले ते बघा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज वाचायला मिळतं.