एफ-३५बी: डेक जपला, पण डेकवरच्या माणसांचं काय?

दर्यावर्दी
ऑक्टोबर २०११. अमेरिकेच्या 'वास्प' जहाजावर एफ-३५बी या सरळ खाली उतरू शकणाऱ्या लढाऊ विमानाच्या पहिल्या सागरी चाचण्या झाल्या. दोन विमानं, ७२ उभी लँडिंग. चर्चा काय, तर विमानाच्या गरम झोताखाली डेक टिकेल का! पुढे ब्रिटिशांनी आपल्या 'क्वीन एलिझाबेथ' या विमानवाहू जहाजाच्या डेकवर ॲल्युमिनियम-टायटॅनियमचा थर फवारला, १५०० अंश सोसणारा. माणसांच्या कानात मात्र तेच फोमचे बोळे आणि वर इअरमफ. आधी माणसांचा बंदोबस्त करा, मग विमान उतरवा.

कोळीवाडा७७
अहो, चाचणी असते कशासाठी? गरम झोत डेकवरून किती लांब पसरतो, आवाज कुठे किती, हे जहाजावरच मोजावं लागतं. माणसं कुठे उभी करायची ते त्यावरूनच ठरतं. आणि हे काही नवं नाही. आपल्या 'विराट'वर सी हॅरियर वर्षानुवर्षं असेच उतरले की.

दर्यावर्दी
हॅरियरचा दाखला देऊ नका. एफ-३५बीचा जोर जवळपास दुप्पट. पुढे बसवलेल्या, हवा खाली ढकलणाऱ्या पंख्याची हवा तरी थंड असते; मागची नळी खाली वळते, तिथे थेट जळता झोत. विमानाला इशारे देणारा पिवळ्या जर्सीतला माणूस हातवारे करत असतो, कारण ऐकू काहीच येत नाही. मोजमापाला यंत्रं ठेवा ना, माणूस कशाला?

निवांत_नाखवा
झोताचीच काळजी असेल तर रोलिंग लँडिंग घ्या. २०१८मध्ये 'क्वीन एलिझाबेथ'वर ते करून दाखवलंय. विमान थोडा वेग ठेवून पुढे सरकत उतरतं, डेकच्या एकाच जागेला भाजत नाही. शिवाय जास्त वजन घेऊन उतरता येतं, म्हणून न वापरलेली शस्त्रं समुद्रात टाकून द्यावी लागत नाहीत.

कोळीवाडा७७
आणि थांबवायचं कशाने? अडवायला तार नाही, सगळी भिस्त ब्रेकवर. ओल्या डेकवर ते घसरलं तर पुढे उभी विमानं आणि माणसं. त्यापेक्षा उभं लँडिंग परवडलं, धोका कुठे आहे ते निदान माहीत असतं.

निवांत_नाखवा
नोव्हेंबर २०२१ विसरलात? त्याच जहाजावरून एक एफ-३५बी उड्डाणाच्या वेळी भूमध्य समुद्रात पडलं, वैमानिक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. हवा आत घेण्याच्या तोंडावरचं झाकण काढायचं राहिलं होतं, असा चौकशीचा निष्कर्ष. झोताचा संबंधच नाही. थर, इअरमफ सगळं द्या, पण अशा चुका टाळायला डेकवरच्या पोरांच्या कामाच्या पाळ्यांबद्दल कोणी बोलतच नाही.

दर्यावर्दी
हे मान्य. पण पाळी सुधारली म्हणून बहिरेपण टळत नाही. तो मुद्दा सोडणार नाही.