हायकोर्ट वांद्र्याला गेल्यावर फोर्टमधल्या जुन्या इमारतीचं काय करावं?

कातळ: मुंबई हायकोर्टाच्या वांद्र्यातल्या नव्या इमारतीची पायाभरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. जुन्या इमारतीत संग्रहालय करा, अशी सूचना ऐकू येते. माझा ठाम विरोध. कर्नल फुलरने १८७१ ते १८७८ मध्ये ही वास्तू न्यायदानासाठीच उभारली. काळा दगड, गॉथिक कमानी, माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. १९०८ मध्ये न्या. दावरांनी टिळकांना ६ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली ती इथेच, आजच्या ४६ नंबरच्या कोर्टात. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले! त्या दालनात आजही खटले चालतात, याहून मोठं स्मारक कोणतं? काही खंडपीठं तरी इथेच बसवा.

काळा_कोट: कातळराव, एका वकिलाची एकाच दिवशी तीन-चार कोर्टांत मॅटर, म्हणजे प्रकरणं, असतात. निम्मी फोर्टला आणि निम्मी वांद्र्याला ठेवली तर पुकारा होईल तेव्हा आम्ही लोकलमध्ये असू, आणि अशिलाला पुढची तारीख. आताही वयस्कर माणसं बोर्डावरचं, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतलं, मॅटर निघेपर्यंत व्हरांड्यात ताटकळतात. कोर्ट एकाच जागी हवं.

मैनाताई: मी शिक्षिका आहे, संग्रहालयच हवं. कामकाजाच्या दिवशी चाळीस मुलांची सहल ४६ नंबरमध्ये नेता येईल का? ७ युरोपियन आणि २ पारशी ज्यूरी कुठे बसली, मत ७ विरुद्ध २ कसं पडलं, टिळकांनी स्वतःची बाजू कुठून मांडली, हे त्या दालनातच उभं राहून सांगायला हवं. दाराबाहेर टिळकांच्या उद्गारांची शिला आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागलांनी अनावरण केलेली. आणि दगडात कोरलेलं ते तराजूवालं माकड! मुलं हरखून जातील.

कातळ: ताई, सुट्टीच्या दिवशी दालन मुलांसाठी उघडावं, हे मान्यच. पण कोर्ट पूर्ण हललं की इमारतीची रोजची देखभाल कोण करणार? २०१८ पासून ओव्हल मैदानाभोवतीचा हा परिसर जागतिक वारसा आहे, म्हणून तिला कोणी पाडणार नाही. पण वापर नसेल तर गळती लवकर कळत नाही, लाकूड कुजतं. काळा_कोट, खंडपीठं नकोत तर मध्यस्थी (तडजोडीची बोलणी) आणि लवादाची (कोर्टाबाहेरच्या निवाड्याची) कामं इथे ठेवू. त्यांच्या तारखा आधी ठरतात, तुमची धावपळ होणार नाही.

काळा_कोट: लवाद चालेल. मध्यस्थीला मात्र बंद, छोट्या खोल्या लागतात. नवरा-बायकोचं बोलणं त्या उंच दालनात घुमणार. त्यासाठी ४६ नंबरमध्ये प्लायवूडची पार्टिशनं ठोकणार असाल, तर मी मैनाताईंच्या बाजूने.