मनिलात चार महिने, सोबत ॲनिमेवेडी लेक: कुठे जावं, काय बघावं?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी. कंपनी मला जुलै ते ऑक्टोबर मकातीला (मनिला महानगरातला ऑफिसांचा भाग) पाठवते आहे. लेक (वय १८) बारावीनंतर एक वर्ष थांबली आहे, डिझाइनच्या प्रवेश परीक्षांची तयारी करते, म्हणून तीही सोबत येणार. ती ॲनिमेत (जपानी कार्टून मालिकांत) आकंठ बुडालेली आहे. मला शिनचॅन आणि डोरेमॉनच्या पलीकडे काही कळत नाही. मी म्हटलं, अगं हे सगळं जपानचं ना, फिलिपिन्सला काय मिळणार? तर म्हणे, "बाबा, जपान पंढरी असेल, पण मनिला आळंदी आहे."

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून जमायचे, मेळावे कुठे आणि कधी असतात? पोशाख इथून शिवून न्यावा की तिथे जमेल? आणि मला थोडंफार तरी समजावं म्हणून आधी काय बघू? तिच्यामागे नुसता पिशव्या धरून उभा राहायची इच्छा नाही.

बटाटेवडा_रिटर्न्स
रुमाल टाकून ठेवतो.

पासिगचा_पाहुणा
शेंगराव, मी इथे अकरा वर्षं आहे. मेळाव्यांचं नंतर सांगतो, आधी 'व्होल्टेस फाइव्ह' हे प्रकरण समजून घ्या. लेकीने कदाचित पाहिलं नसेल, तिच्या वयाची पोरं नवीनच बघतात. पण तुमच्या ऑफिसातली पन्नाशीची मंडळी त्यावरच वाढलेली आहेत.

ही तोएईची १९७७ ची रोबो मालिका. पाच यानं जोडली जाऊन एक अवाढव्य रोबो उभा राहतो. १९७८ मध्ये इथे जीएमए वाहिनीवर इंग्रजी डबिंगमध्ये सुरू झाली. तेव्हा दर वाराला वेगळा रोबो असायचा, व्होल्टेसचा वार शुक्रवार. गोष्टीतल्या शत्रूच्या ग्रहावर डोक्याला शिंगं असलेले ते सरदार, बिनशिंगी ते गुलाम. शेवटाकडे गुलाम सम्राटावर उलटतात. नेमके तेच मोजके भाग उरले असताना, २७ ऑगस्ट १९७९ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी रोबो मालिका बंद करायचा हुकूम काढला. कारण सांगितलं हिंसा. देशात मार्शल लॉ चालू होता, तेव्हा लोकांनी कोणता अर्थ लावला ते वेगळं सांगायला नको.

आमच्या ॲडमिनमध्ये एक कुया आहेत (कुया म्हणजे दादा). ते तेव्हा सात वर्षांचे. शुक्रवारी शाळेतून पळत आले, हातपाय न धुता टीव्हीसमोर बसले, तर पडद्यावर भलताच कार्यक्रम. आईने टीव्ही बिघडला म्हणून समजूत काढली. पुढचे कितीतरी शुक्रवार ते टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारत होते. गोष्टीचा शेवट त्यांनी पाहिला तो १९९९ मध्ये, राहिलेले भाग जोडून चित्रपट थेटरात लागला तेव्हा. सत्ताविसाव्या वर्षी, शेजारी सात महिन्यांची गरोदर बायको. ती म्हणते, हा माणूस लग्नात रडला नाही, तिथे रडला.

दर डिसेंबरच्या पार्टीत हेच कुया व्हिडिओकेवर (इथली कराओके) व्होल्टेसचं शीर्षकगीत म्हणतात, मूळ जपानीत. जपानीचा एक शब्द त्यांना कळत नाही. रिसेप्शनपासून फायनान्सच्या साहेबापर्यंत सगळे उभे राहून गातात. पहिल्या वर्षी मला वाटलं राष्ट्रगीतच आहे, मीही हात सरळ ठेवून उभा राहिलो.

मे २०२३ मध्ये जीएमएनेच तोएईच्या परवानगीने खरी माणसं घेऊन ही मालिका नव्याने काढली. ती आधी बघू नका. जुनीचे पाच-सहा भाग बघून या, ऑफिसात पहिल्याच दिवशी ओळखी होतील.

जुनाजाणता
स्पष्ट लिहितो, राग नसावा. प्रवेश परीक्षेच्या वर्षात पोरीला कार्टूनच्या जत्रेत फिरवणं मला पटत नाही. आमच्या वेळी दूरदर्शनवर अर्धा तास मोगली लागायचा, तेवढं पुरेसं होतं.

बटाटेवडा_रिटर्न्स
जाणते काका, तो मोगलीही जपानीच होता बरं का. तुम्ही नव्वदीपासूनच ॲनिमेवाले आहात, अभिनंदन.

जुनाजाणता
असेल. गाणं मात्र आपलं होतं.

दावावची_डॉक्टरीण
मी इथे दावावला (फिलिपिन्सच्या दक्षिणेकडचं शहर) मेडिकलला आहे, मूळची नांदेडची. पोशाखाबद्दल मी सांगते, कारण त्यात माझी पुरती फजिती झालेली आहे.

काका, तिथून काहीही शिवून आणू नका. फार तर विग आणा, तोही आधीच असेल तर. मनिलात कापडासाठी दिविसोरिया. इलाया रस्त्यावर कापडाची ठाणं, ताबोरा रस्त्यावर लेस, फिती, बटणं. आपला मंगळदास मार्केट आणि भुलेश्वर एकत्र कालवल्यासारखं. सकाळी लवकर जा, बॅग पोटाशी धरा. दिवे, वायरी, तलवारीत चमकणारं काही हवं असेल तर कियापोजवळचा राओन रस्ता, हे आपलं लॅमिंग्टन रोड. चिलखतासाठी फोमची रबर शीट मिळते. ती चिकटवायच्या सोल्युशनला इथे सगळे सरसकट 'रग्बी' म्हणतात, दुकानात तेच नाव घ्यायचं. पोरं त्याची नशा करायची म्हणून लहान वयाच्या गिऱ्हाईकाला देत नाहीत. तुम्ही स्वतः जा.

आणि उकाय-उकाय! म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांची दुकानं, गल्लोगल्ली आहेत. कोट, स्कर्ट, लष्करी जाकिटं मातीमोल भावात. इथले बहुतेक कॉस्प्लेअर पोशाखाचा सांगाडा तिथूनच उचलतात आणि वर कलाकुसर करतात.

आता फजिती. मी पहिल्यांदा मिकासा केली होती, त्या राक्षसांशी लढणाऱ्या मालिकेतली. अंगावर पट्ट्यांचं जाळं, वर छोटं जाकीट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. बूट उकायमधले, दिसायला कोरे. सभागृहात वीस मिनिटं फिरले असेन, तेवढ्यात मागे बघते तर फरशीवर काळा भुगा. बुटांचे तळवे अक्षरशः बिस्किटासारखे विरघळत चालले होते. दमट हवेत पडून राहिलेले जुने तळवे असेच जातात, हे तेव्हा कुठे माहीत! उजवा तळवा सुटून टाचेला लोंबकळत होता. कोपऱ्यात जाऊन बसले. तर एक पाय पसरून बसलेला सहा फुटी रोबो म्हणाला, "आते, रिपेअर?" त्याच्या पोटातल्या कप्प्यातून ग्लू गन निघाली. त्याने रबर शीटचा तुकडा माझ्या पायाच्या मापाने कापला, चिकटवला, कडा ब्लेडने तासल्या. दहा मिनिटं गेली. पैसे विचारले तर हसला आणि त्याच्या मानेचा स्क्रू मला घट्ट करायला लावला, त्याचा त्याला हात पोचत नव्हता.

(आते म्हणजे ताई. आत्या नाही! पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमधली मुलगी मला आते म्हणाली तेव्हा मी आरशात जाऊन पाहिलं होतं.)

बूट नवेच घ्या. मारिकिना हे इथलं चपला-बुटांचं गाव, माप देऊन करूनही देतात.

शेवग्याची_शेंग
डॉक्टरीणबाई, लेकीला वाचून दाखवलं, ती ग्लू गन घ्यायला बाहेर पडली आहे. पाहुणेसाहेब, मेळाव्यांचं राहिलं. आणि टागालोग येत नसेल तर अडेल का?

पासिगचा_पाहुणा
अडणार नाही, इंग्रजी सगळीकडे चालतं. फक्त 'पो' शिकून घ्या. बोलताना जोडायचा आदराचा शब्द. आपल्याला 'अहो' आणि 'जी' दोन्हींचं काम एका अक्षरात होतं. फोटो काढायच्या आधी "पा-पिक्चर पो?" असं विचारायचं. न विचारता कॅमेरा रोखला तर लोक बोलणार नाहीत, पण चेहरा पडतो.

मेळावे: टॉयकॉन, हा जुना, २००२ पासूनचा. खेळणी, कॉमिक्स, कॉस्प्ले सगळ्याची मिसळ. साधारण जून-जुलैत असतो, त्यामुळे पोचल्याबरोबर चौकशी करा. कॉस्प्ले मेनिया हा २००८ पासूनचा, पासायच्या एसएमएक्स केंद्रात, मॉल ऑफ एशियाच्या शेजारी. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. हा चुकवू नका, कॉस्प्ले हेच इथलं मुख्य काम. तारखा दरवर्षी हलतात, आयोजकांच्या पानावर बघूनच तिकीट काढा.

तुमचे चारही महिने पावसाचे आणि वादळांचे आहेत हे विसरू नका. पागासा म्हणजे इथलं हवामान खातं, त्याचा सिग्नल बघितल्याशिवाय घरातून निघायचं नाही. पोशाख घालून जाऊ नका, पिशवीत बांधून न्या आणि तिथे बदला. मॉलच्या दारावर रखवालदार छोटी काठी घालून पिशवी चाळतो. लोखंडी पातं तर अजिबात नको, फोमची तलवारही वर ठेवा, म्हणजे सगळं उपसावं लागत नाही. मागे एकदा माझ्या पुढच्या पोराच्या पिशवीतून कापलेला हात निघाला. रखवालदाराने तो उलटसुलट करून पाहिला, "छान रंगवलाय" म्हणाला आणि परत दिला.

राहिलं काय बघावं. व्होल्टेसनंतर नव्वदीचा काळ बघा. तेव्हा डबिंग टागालोगमध्ये आलं आणि ॲनिमे पोरांपुरतं न राहता घराचं झालं. 'युयु हाकुशो' इथे 'घोस्ट फायटर' म्हणून गाजली. त्यातला युसुके इथे युजीन, हिएई झाला व्हिन्सेंट. चाळिशीतल्या माणसाला मूळ नावं सांगितलीत तर तो तुम्हालाच दुरुस्त करेल. 'प्रिन्सेस सारा', म्हणजे मोलकरीण व्हावं लागलेल्या श्रीमंत मुलीची गोष्ट, एवढी चालली की १९९५ मध्ये फिलिपिनो कलाकार घेऊन चित्रपट निघाला. माझी घरमालकीण पासष्टची. नातीने भांडी घासताना तोंड पाडलं की म्हणते, "झाली का तुझी सारा सुरू?" आणि 'स्लॅम डंक' बघाच. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट तसं इथे प्रत्येक बरांगाईत (वस्तीत) बास्केटबॉलची रिंग असते, कधी नारळाच्या झाडाला ठोकलेली. तिथे खेळणाऱ्या पोरांना त्यातले खेळाडू सख्ख्या भावांसारखे पाठ आहेत. ही जपानी गोष्ट आहे हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं.

माहीमची_माकडीण
उशिरा आले. मुंबईच्या कॉमिक कॉनला सहा वर्षं कॉस्प्ले करते. आम्ही सुरुवात केली तेव्हा आलोदिया गोसिएंगफियाओचे फोटो बघूनच केली होती. ही मनिलाचीच, २००३ पासून कॉस्प्लेत. वाशी नाक्यावरच्या मैत्रिणीच्या घरी आम्ही चौघी तिच्या विगची केशरचना फोटो मोठा करून करून बघायचो.

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. लेक डिझाइनला जाणार आहे ना? मग तिला कॉस्प्लेच्या मंचासमोर फार वेळ बसवू नका, आर्टिस्ट अॅलीत सोडा. लांबच लांब टेबलं, प्रत्येकामागे एक चित्रकार, स्वतः छापलेली स्टिकर्स, पोस्टकार्डं, छोटी कॉमिक्स. निम्मी जपानी पात्रांची, पण उरलेली खास तिथली: जीपनी (तिथली रंगीबेरंगी वडापची गाडी) चालवणारी भुतं, घोड्याच्या तोंडाचा टिकबालांग, माणसं खाणारा अस्वांग. ही पोरं जपानी वळणाची रेघ घेऊन स्वतःच्या आजीच्या गोष्टी काढतात. बुजेट टान आणि काजो बाल्दिसिमो यांचं 'ट्रेसे' हे कॉमिक असंच, २००५ पासूनचं. मनिलाच्या रस्त्यांवर भुताखेतांचे गुन्हे सोडवणारी बाई. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची मालिका आली, ती टागालोग आवाजात आणि उपशीर्षकं लावून बघा. रक्तपात बराच आहे, जाणते काकांनी बघू नये.

फक्त कॉमिक्सचे मेळावेही असतात, कोमिकॉन आणि कोमिकेत. तुमच्या महिन्यांत एखादा आला तर तो कॉस्प्लेपेक्षा वरचा समजा. तिची वही सोबत असू द्या. टेबलावरच्या माणसाकडून आधी काहीतरी विकत घ्या, मग वही दाखवा. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ असतात आणि ते लगेच ओळखू येतात.

आणि एक. तोएईचा मनिलात ॲनिमेशन स्टुडिओ आहे, १९८० च्या दशकापासून. जपानी म्हणून आपण जे बघतो, त्यातल्या पुष्कळ चौकटी मनिलातल्या टेबलांवर काढलेल्या असतात. आर्टिस्ट अॅलीत असं काम करणारं कोणी भेटलं तर तिने तासभर तिथेच बसावं.

जुनाजाणता
चित्रकलेचं सांगितलंत ते पटलं. वही न्यावी.

शेवग्याची_शेंग
मंडळी, मकातीहून लिहितोय. पोचून तीन आठवडे झाले. दिविसोरिया झालं, साडेचार मीटर निळं कापड आणि सोनेरी फीत घेतली, छत्री मात्र तिथेच कुठेतरी राहिली. ऑफिसात व्होल्टेसचा विषय काढला आणि दुपारची मीटिंग पाऊण तास उशिरा सुरू झाली.

आता अडचण अशी की लेकीला फोम कापता येतो, पण कोट शिवता येत नाही. मॉलमधल्या एका दुकानाने एवढे पैसे सांगितले की त्यात पुण्याचं परतीचं तिकीट यावं. शिंपी कुठे शोधायचा?

दावावची_डॉक्टरीण
मॉलमध्ये नाही हो काका! बाजाराच्या मागच्या गल्लीत 'पाटाहिआन' अशी पाटी बघा, म्हणजे शिवणकामाचं दुकान. बायकांचे कपडे शिवणारीला मोदिस्ता म्हणतात. तिला सांगा की शाळेच्या नाटकासाठी हवंय, म्हणजे ती घाबरत नाही. पात्राचं चित्र समोरून, मागून आणि बाजूने, तिन्ही द्या. मी फक्त समोरचं दिलं होतं. तिने मागच्या बाजूला स्वतःच्या मनाने मोठा गुलाबी बो लावून दिला, आणि तो इतक्या प्रेमाने लावला होता की काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.