कोयनेच्या पोटात तीन किलोमीटर बोअर मारली, पण आमच्या डोंगराकडे कोण बघणार?

मोरणाकाठचा:
आमच्या पाटण तालुक्यात भूकंप हा पाहुणा नाही, घरातलाच माणूस आहे. मांडणीवरची भांडी किणकिणली की आजी नुसतं "आला बघ" म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मात्र तिला भाकरी सुचली नाही. 6.3 रिश्टरचा धक्का, कोयनानगर आडवं, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली.

तेव्हापासून शास्त्रज्ञ येताहेत. येऊ देत. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा काढली, भूकंपाचा अभ्यास करायला गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारली. पण 2021 च्या जुलैत आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं माणसं गेली ती भूकंपानं नाही. रात्री डोंगर खाली आला म्हणून गेली. वरच्या सड्याला, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीला, भेग पडलीय का, हे बघायला त्याआधी कुणी आलं होतं का? 67 नंतरच्या माझ्या हयातीत आमच्याकडं दरडीनं जितकी माणसं नेली तितकी भूकंपानं नाही नेली. म्हणून सरळ म्हणतो, बोअरिंग बंद करा आणि तो पैसा डोंगरउतारावर लावा.

दगडवेडा:
राग समजतो, पण बिल चुकीच्या पत्त्यावर फाडताय.

त्या बोअरमधून काय निघालं ते आधी ऐका. गोठण्याला काळा कातळ (बेसाल्ट) 1247 मीटर जाड निघाला, रासाटीच्या बोअरला 932 च्या आसपास. मध्ये गाळाचे खडक असतील असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण कातळ संपला की थेट ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने कठीण खडक. कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, खालचं जोतं अडीचशे कोटींच्याही मागचं. "जाडी घेऊन काय करू?" असं विचाराल. तर तुमच्या आजीची भांडी वाजवणारे धक्के त्या कातळात होतच नाहीत, त्याच्या खालच्या जोत्यात होतात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत. धरणापासून दक्षिणेला तीसेक बाय वीसेक किलोमीटरचा टापू, आणि साठ वर्षं झाली तरी धक्के थांबायचं नाव नाही. धरणाजवळ धक्के बसलेली ठिकाणं जगात बरीच आहेत, पण इतकी वर्षं इतक्या आटोपशीर जागेत चाललेला हा प्रकार दुसरीकडं सापडत नाही. भूकंप जिथं जन्मतो तिथं जाऊन बघायची सोय इथं आहे. ती सोडायची?

जुना_इंजिनिअर:
"धरणाजवळ धक्के" वगैरे शब्द जपून वापरा. उद्या कुणी धरणच फोडायला निघेल. 103 मीटर उंचीचं धरण 67 च्या धक्क्यातही उभं राहिलं. तडे गेले होते, हो. नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत केलं. आणि किल्लारीला कुठं होतं कोयनेएवढं धरण? तिथं तर जास्त माणसं गेली. जमीन हलायची तेव्हा हलतेच.

दगडवेडा:
साहेब, धरणानं भूकंप तयार केला असं कुणीच म्हणत नाही. ताण जमिनीत होताच, धरणानं कडी काढली. पाण्याच्या वजनापेक्षा भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब महत्त्वाचा. दोन खडक एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये दाबाचं पाणी शिरलं की पकड ढिली होते. 1962 च्या सुमारास शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, भरायला लागला आणि बारीक धक्के सुरू झाले. 1985 नंतर वारणेचा जलाशय भरला तशी हालचाल दक्षिणेकडंही सरकली. पावसाळ्यात पाणी चढल्यावर धक्के वाढतात, उन्हाळ्याकडं पाणी उतरतानाही एक फेर येतो. इतका हिशेब योगायोगानं जुळत नाही. तुम्ही धरण बांधलंत, आम्ही त्याच्यावर दगड मारत नाही आहोत.

किल्लारीकर:
आमचं नाव निघालं म्हणून लिहितो. मोरणाकाठच्या भाऊ, तुम्ही मेलेली माणसं मोजायला लागलात. तो हिशेब 29 सप्टेंबर 1993 ला आमच्याकडं केला असता तर भूकंपाच्या रकान्यात शून्य आलं असतं. सरकारी नकाशात आम्ही सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून माणसं उशिरा झोपलेली. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना आठ हजारांच्या आसपास माणसं संपली. मातीत रचलेल्या दगडांच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर धाब्याची माती. त्याखालून कोण निघणार?

आमच्याकडंही हैदराबादच्या एनजीआरआयनं (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) नंतर बोअर मारली होती, सहाशे मीटरच्या वर. नंतर! म्हणून कोयनेत माणसं आधीच खाली बघताहेत याचा मला हेवा वाटतो. बंद करा म्हणू नका.

सड्यावरची:
मी बाई आहे म्हणून भूगर्भशास्त्र कळत नाही असं समजू नका (मागच्या वेळी एकानं समजलं होतं). किल्लारीकर, तुमचं दुःख मोठं, पण आमच्याकडं परिस्थिती उलटी आहे. तुमच्याकडं धोका माहीतच नव्हता. आमच्याकडं तो कागदावर आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दरडप्रवण भागाचे नकाशे केलेत, पन्नास हजारास एक या प्रमाणात. म्हणजे कागदावरच्या एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर. आमची अख्खी वाडी त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी. त्यावरून कुठलं घर हलवायचं ते सांगा! वर जांभा, खाली कुजलेला कातळ, मध्ये गेरूचा तांबडा थर. सड्यावरचं पाणी फटीतून उतरतं आणि त्या थराशी अडतं. 2021 ला 22 जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस झाला. तसा पाऊस पडला की वरचं सगळं घसरायला निमित्तच मिळतं. हे समजायला तीन किलोमीटर खाली जावं लागत नाही. दोन पर्जन्यमापक, भेगेवर ठोकलेल्या दोन खुंट्या, आणि खुंट्यांतलं अंतर रोज मोजणारं एक पोरगं. एवढ्यानंही सुरुवात होईल.

आणि दगडवेडा, गावात अजून बायका विचारतात की बोअरिंगमुळंच धक्के वाढले का. त्यांना कुणी उत्तर दिलंय?

दगडवेडा:
दिलं नसेल तर चूक आमच्या जमातीची. बोअर मारली तरी दाबानं मोठ्या प्रमाणावर पाणी कोंबलेलं नाही, त्यामुळं त्यानं धक्के वाढायचं कारण नाही. बाकीच्या दीड किलोमीटरच्या काही छिद्रांत भूकंपमापक सोडलेत, जमिनीवरच्या गोंगाटात न ऐकू येणारे धक्केही ते ऐकतात. मधल्या आकाराच्या काही धक्क्यांची आगाऊ चाहूल लागली असा दावाही शोधनिबंधांत आहे. त्यावर मी स्वतः घर सोडून पळणार नाही. पण खुंट्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

जुना_इंजिनिअर:
खुंट्या ठोकून डोंगर थांबत नाही. पुनर्वसन करा.

सड्यावरची:
धरणासाठी उठवलेल्यांचं झालंय का पुरतं, की आता आमचा नंबर?

मोरणाकाठचा:
इथं भांडण लावून मी भाताच्या चिखलणीला गेलो होतो, म्हणून उशीर.

किल्लारीकरांचं शून्य डोक्यात बसलं. बोअरिंग बंद करा हे मागं घेतो. पैसा इकडं वळवा हेही मागं घेतो, कारण तो वळून आमच्यापर्यंत येणार नाही, एवढं सरकार मला कळतं. पण एक गोष्ट धरून ठेवतो. हजारमाची आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. आमच्या पोरांकडं भूकंपग्रस्ताचा दाखला आहे, नोकरीच्या अर्जाला जोडायला. पण भूकंपमापक कसा दिसतो ते त्यातल्या एकानंही पाहिलेलं नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतो: प्रयोगशाळेतल्या माणसांनी पुढच्या पावसाळ्याआधी एकदा आमच्या सड्यावर चालून जावं आणि खुंट्या कुठं ठोकायच्या ते दाखवावं. दगडवेडा, अर्जाची भाषा तुम्ही लिहा, आमच्या ग्रामसेवकाला "विषयांकित"च्या पुढं सरकता येत नाही. ताई, भेगांचे फोटो पाठवा, शेजारी विळा ठेवून काढा म्हणजे रुंदी कळेल.